बिनडोळ्याचा मासा

समोर ऐकणारं माणूस असलं की गोष्ट सांगून संपते. मी एकटी राहते, म्हणून माझ्याकडं किस्से साठत गेले. भाकरी थापताना एक आठवतो, भांडी घासताना दुसरा, आणि जेवायला बसले की सांगायचा कुणाला? शाळा चौथीपर्यंत झालीय, अक्षर वाकडं आहे, पण माझं मला लागतं. लढाईच्या वर्षांत मी वल्ही रंगवायला शिकले, तेव्हाचे हे सगळे.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठी. आमची गल्ली नावाड्यांची. श्रावणातल्या पौर्णिमेला नदीची ओटी भरायची आणि प्रत्येक नावाड्याचं एक वल्हं रंगवून पाण्यात बुडवायचं, ही आमच्याकडची रीत. वल्ह्याच्या पात्यावर मासा काढायचा. मासा घरी रंगवतात, पण त्याचा डोळा घाटावर, सगळ्यांदेखत. नावाडी जिता असेल तर डोळा घालायचा. मेला असेल तर बिनडोळ्याचं वल्हं नदीत सोडून द्यायचं.

आमचे मालक नाव सोडून पलटणीत भरती झाले. बाहेरदेशी गेले. मग लष्कराचा कागद आला, त्यात एकच शब्द कामाचा होता. बेपत्ता.

त्या श्रावणात मी त्यांचं वल्हं घेऊन बापू चितार्‍यांकडं गेले. सत्तरीचं म्हातारं, गावातली सगळी वल्ही तेच रंगवायचे. म्हणाले, "जित्याचं काय करायचं ते म्हाइत हाय. मेलेल्याचं बी म्हाइत हाय. बेपत्त्याचं काय करत्यात हे आमच्या बापानं शिकवलं न्हाई."

म्हटलं, "मग मला शिकवा. डोळा मी घालते."

"बायामाणसानं रांगोळी काढावी, ताराक्का."

"रांगोळी काढून झालीया माझी. पुढचं सांगा."

बापूंची दोन्ही पोरं मुंबईला गिरणीत गेलेली. शिकवायला त्यांनाही कुणी उरलं नव्हतं. त्यांनी पाटा-वरवंटा माझ्यापुढं सरकवला आणि गेरूचा खडा टाकला. मी खाली बसले.

*

दोन महिने नुसतं वाटण. गेरू वाटा, खडू वाटा, काजळी खला. मग बापू म्हणाले, कुंचला स्वतःचा स्वतः करायचा, आणि बारीक रेघेला खोंडाच्या कानातल्या केसांसारखं दुसरं काही नाही.

खोंड शेजारच्या सगुणाचं. संध्याकाळी ती गल्लीच्या मध्यात उभी राहून ओरडायला लागली, "माझ्या खोंडाचा कान कुणी भादरला?"

"मी भादरला," म्हटलं. "त्याला ऐकायला केसं लागत न्हाईत."

सगुणा आठ दिवस बोलली नाही. आठ दिवसांनी आली ती कात्री घेऊन. म्हणाली, "दुसरा कान तसाच ठिवू नगंस. येडं दिसतंय."

*

माझा पहिला मासा बापूंनी उजेडाला धरून बघितला. मग म्हणाले, "वांगं झ्याक काढलंयस. पर ह्ये पोहणार कसं?"

सरावाला फळी मिळेना. लाकूड महाग, वल्ह्यावर गिरगटायची सोय नाही. घरात जेवायचे दोन पाट होते. एकावर मी बसायची. दुसर्‍यावर वर्षभर कुणी बसलं नव्हतं. त्यावर मासा काढायचा, पुसायचा, परत काढायचा. पाटाचं लाकूड लाल झालं.

पुढं भाऊ भेटायला आला. जेवायला बसायच्या आधी पाटाकडं बघून म्हणाला, "अक्का, ह्यावर बसू का ह्येला वाढू?"

*

आमच्याकडं टपालवाला सायकलवरनं यायचा. कागद आल्यापासून माझ्या दारापुढनं तो मान खाली घालून जोरात पायडल मारायचा. मी बघायची. महिनाभर बघितलं आणि एके दिवशी सायकलीपुढं उभीच राहिले.

"मी काय कुत्रं हाय व्हय चावायला?"

"तसं न्हाई मावशी. तुमचं काय नसतंय, मग तोंड कसं दावायचं?"

"नसतंय तर नसतंय म्हण. पण म्हण."

दुसर्‍या दिवसापासून तो दारापुढं एक पाय टेकायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "आज न्हाई, मावशी." मी आतनं "बरं" म्हणायची. पुष्कळ दिवस असे गेले की दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोललं.

*

चैत्रात हळदीकुंकवाला मला बोलवायचं की नाही, यावर गल्लीतल्या बायकांचं एकमत होईना. शेवटी नानांच्या बायकोनं बोलावलं. नाना म्हणजे आमच्या घाटाचे म्होरके. मी गेले. ती कुंकवाचा करंडा घेऊन पुढं आली आणि बोट करंड्यात घालून तशीच थांबली. मागं बघते, पुढं बघते, बोट काही वर येईना.

मी करंडा तिच्या हातातनं घेतला आणि माझं मीच लावलं.

"सरकारला अजून ठाव न्हाई," म्हटलं, "तर तुला कुठनं ठाव असणार?"

खिरापत घेतली आणि घरी आले. घरी येऊन ती खाल्ली नाही, हेही लिहिते. लपवायचं कशाला?

*

चूक एकदा मोठी झाली, ती सांगितलीच पाहिजे. नदीत बुडवलं की वल्ह्याचा रंग निघून जायला हवा. नदीनं रंग नेला म्हणजे वल्हं मान्य केलं, असं आमच्यात धरतात. माझा मात्र त्यावर राग. वर्षभर शिकायचं आणि दोन डुबक्यांत सगळं साफ!

पलटणीतला एक जवान रजेवर आला होता, त्यानं लष्करी गाड्यांच्या हिरव्या रंगाचा उरलासुरला डबा दिला. बापूंना न सांगता मी नानांचं वल्हं त्या रंगानं रंगवलं.

नानांनी बुडवलं, वर काढलं. मासा जसाच्या तसा. परत बुडवलं. वाळूनं घासलं. मासा चकचकीत झाला.

नाना पाण्यात उभं राहून म्हणाले, "आगं, ह्यो जाईना."

बापू घाटावरनं म्हणाले, "लष्करी हाय. हुकमाबिगर जागा सोडायचा न्हाई."

लोक हसले, पण घाटाच्या पंचांनी मला वर्षभर कुंचल्याला हात लावू दिला नाही. ते वर्ष लांब गेलं.

*

लढाई संपली. शेजारपाजारचे परतले, कुणी लंगडत, कुणी मिशा वाढवून. आमच्याकडं पत्र नाही, माणूस नाही. बापूंचा हात तोवर थरथरायला लागला होता. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नाना माझ्या दारात आले.

म्हणाले, "ताराक्का, औंदा सगळे डोळे तूच घाल. तुमच्या वल्ह्याचं तुझं तू बघ. आमी कोण काय म्हणायचं न्हाई."

तीन श्रावण मी याच शब्दासाठी वाटण वाटलं होतं.

सकाळपासून घाटावर बसले. माणूस वल्हं पुढं धरायचा, नाव सांगायचा, मी काजळीचा ठिपका द्यायची. हात एकदाही हलला नाही. बापू शेजारी वाटी धरून बसलेले. एकेक वल्हं पाण्यात गेलं, रंग वाहून गेला, पाणी काठाला लालसर झालं.

शेवटी आमचं वल्हं उरलं, इतके श्रावण घरातच राहिलेलं. मासा मी काढलेला, खवला न् खवला. नाना, सगुणा, सगळा घाट पुढं सरकला. अडवणारं कुणी नव्हतं. मी कुंचला बुडवला, माशाजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. मग वाटीवर आडवा ठेवला.

वल्हं पाण्यातही सोडलं नाही. मालक जिते की गेले, हे मलाही ठाऊक नव्हतं. खांद्यावर घेतलं आणि पायर्‍या चढून घराकडं निघाले. 

देवळापाशी आले तेव्हा मागं काठीचा आवाज. वळून बघते तर बापू. एका हातात काठी, दुसर्‍या हातात काजळीची वाटी, सांडू नये म्हणून पोटाशी धरलेली.

"बापू, तुमचं घर तिकडं र्‍हायलं. इकडं कुठं चाललाय?"

म्हातारं धापा टाकत म्हणालं, "तू चल म्होरं. डोळ्याचा रंग अजून वला हाय."