खंडेनवमीला माऊस कुणी हलवला?

मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. मणिकर्णिकेचा धूर रोज आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो. मेलेल्या माणसांची भीती बाळगली असती तर काशीत माझा संसारच झाला नसता. तरी हे लिहायला बसले, कारण त्या दिवसाची आठवण निघाली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते... भीतीने नाही, संतापाने.

घराखालीच आमचं दुकान — लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बिलबुकं. दुकान आमच्या ह्यांचं. मी आधी नुसती चहा घेऊन खाली जायची. ह्यांच्या खांद्यावरून बघत बघत कॉम्प्युटर शिकले, आणि ते गेल्यावर खुर्चीवर मीच बसले. ह्यांनी पत्रिकांसाठी स्वतःच्या हाताने मराठी अक्षरं काढलेली, वेलबुट्ट्या, गणपती — उभ्या आयुष्याचं काम. मूळ कागद खालच्या खोलीत होते ते गंगेच्या पुरात लगदा झाले. म्हणजे ह्यांनी कॉम्प्युटरवर चढवलेलं तेवढंच उरलं, त्या एका मशीनमध्ये. दुकान त्यावर चालायचं, आणि खरं सांगायचं तर मीही त्यावरच चालत होते.

मशीन सांभाळायला मनीष. रामनगरचा, दोन लेकरांचा बाप. आमच्या गल्लीतल्या निम्म्या दुकानांचे कॉम्प्युटर त्याच्याकडे. तो कधीपासून मागे लागला होता, "चाचीजी, सिस्टम बहुत पुराना हो गया. अपग्रेड करा लीजिए, किसी दिन सब बैठ जाएगा." त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, कर, पण आधी सगळ्याची कॉपी घे. त्याने बाहेरची डिस्क लावली, कॉपी केली, "हो गया चाचीजी" म्हणाला आणि गेला.

पुढचं मला न विचारता ठरलं. आमचा मुलगा नंदू आणि हा मनीष, दोघांनी फोनवर परस्पर ठरवलं — नवमीला दुकान बंद, तेव्हा मनीषने रामनगरहून, घरबसल्या इंटरनेटवरून अपग्रेड करायचं. मशीन चालू ठेवून नंदू बायकोला घेऊन जबलपूरला सासुरवाडीला निघून गेला. आईला सांगावं, एवढं काही सुचलं नाही साहेबांना.

आता खंडेनवमी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. अवजारं पाटावर, त्यांना हळदकुंकू, आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती. ह्यांचा नियम कडक — मला कात्रीने दोरासुद्धा कापू द्यायचे नाहीत. इथल्या लोकांची विश्वकर्मा पूजा आधीच होऊन जाते, त्यामुळे आमची नवमी मनीषच्या डोक्यात नसणार. पण नंदूच्या? जन्मापासून बघतोय तो.

सकाळी खाली गेले तर मशीन चालू. म्हटलं, नंदू बंद करायला विसरला वाटतं. नीट बंद केलं, सगळ्या वायरी काढल्या, गुंडाळी करून पाटावर ठेवल्या. शेजारी कटर, लोखंडी पट्टी, स्टेपलर, माऊस. कॉम्प्युटरचं मोठं खोकं पाटावर मावेना म्हणून त्याला चौरंग. कुंकू लावलं, झेंडू वाहिला. माऊसच्या शेपटीतही एक फूल खोवलं. दाराला आतून कडी. घरात मी एकटी.

दुपारी जेवून पुन्हा खाली आले, निरांजन निवलं का बघायला, तर मनीषचा फोन. आवाज वैतागलेला.

"चाचीजी, ज़रा चाचाजी से कहिए माउस छोड़ दें."

"कौन चाचाजी?"

"जो भी मशीन पर बैठे हैं, हाथ तो बुज़ुर्गों जैसा धीमा है. मैं अपग्रेड चालू करता हूँ, वो काट देते हैं. चार बार हो गया."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मनीष, भाँग छानी है क्या? मशीन बंद है. तार तक निकाल के रखा है. और चाचाजी को गए कितने साल हुए, भूल गए?" तो ह्यांच्या पश्चात आमच्याकडे लागलेला, त्याने ह्यांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

तो हळूच म्हणाला, "पर चाचीजी... अभी भी हिल रहा है."

मी फोन कानाला धरून पाटासमोर उभी. माऊस जिथल्या तिथे, शेपटीत फूल. वायरींच्या गुंडाळीवर कुंकू. काही म्हणजे काही हलत नव्हतं.

म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये शिरलास तू. तर म्हणतो, "नहीं, आप ही का है. वही फोटो है, नाव में छाता लेके आप बैठी हैं." स्क्रीनवरचा तो नावेतला फोटो ह्यांनीच लावलेला. मी काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "रुकिए, कुछ लिख रहे हैं," आणि वाचायला लागला —

"आज औज़ार सोए हैं. डब्बा खोल के देखे हो?"

मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं.

कॉपीच्या डिस्कला आमचे हे डब्बा म्हणायचे. दुकानात नवा माणूस आला, त्याने "कॉपी हो गया" म्हटलं, की ह्यांचा हाच प्रश्न. भरला म्हणून काय झालं, झाकण काढून बघितलंस का? मी ते वाक्य पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकेन असं स्वप्नातही...

मनीषला म्हटलं, हात काढ. उद्या समोर येऊन बस.

दसऱ्याला तो पूल ओलांडून आला. मी वायरी जोडल्या, आणि आधी ती डिस्क उघडायला लावली. ह्यांच्या अक्षरांचा फोल्डर होता. नाव होतं. आत काही नव्हतं. रिकामा.

आदल्या दिवशी अपग्रेड झालं असतं तर मशीन पुसलं जाणार होतं. मनीषचा चेहरा उतरला. "पूरा दिखाया था चाचीजी... मैंने खोला नहीं." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंदूला फोनवर त्याहून जास्त. "अगं आई, पण वाचलं ना सगळं," म्हणाला. म्हटलं, तुझ्यामुळे नाही वाचलं. मशीन मात्र ठणठणीत होतं. मनीषने कॉपी पुन्हा केली, आणि या वेळी मी शेजारी बसून एकेक फाईल उघडायला लावली. दुकानवाल्यांनो, तुम्हीही हेच करा. कॉपी झाली म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, उघडून बघा.

त्याच्या लॅपटॉपवर आमच्या मशीनला जोडल्याची नोंद होती. लिहिलेलं मात्र काहीच सापडलं नाही, जागा कोरी. नंदू म्हणतो मनीषला डुलकी लागली असेल. मग डुलकीत त्याला डब्बा कुणी सांगितला? मनीषने बड्या इंजिनिअरांना विचारलं, तेही खांदे उडवतात. मला तर काहीच कळलेलं नाही, आणि कळल्याचं सोंगही मी करणार नाही.

मनीषवरचा राग गेला, नंदूवरचा कमी झाला. ह्यांच्यावरचा जात नाही. इतक्या वर्षांत माझ्या स्वप्नात एकदा आले नाहीत. मी रोज त्यांच्या खुर्चीवर बसते, त्यांचीच अक्षरं जुळवते, आणि हे बोलले कुणाशी, तर रामनगरच्या परक्या माणसाशी, तेही हिंदीत. मी समोर उभी होते हो. फोन माझ्या हातात होता. "कशी आहेस" एवढं टाईप करायला काय लागलं असतं?

तेव्हापासून दर खंडेनवमीला वायरी काढून, फुलं वाहून झाली की मी मनीषला फोन लावते. म्हणते, जोडून बघ रे. तो बिचारा हसत नाही. थोडा वेळ थांबतो आणि सांगतो, "मशीन बंद दिखा रहा है, चाचीजी."

मी म्हणते, दो मिनट और देख लो.