भागिले चार

"आकडा सांग, सावंत, आकडा! ओव्हर!"

वायरलेसवर ओरडत होता तो नायक कांबळे, आमच्या कंपनीचा नर्सिंग असिस्टंट. तुमच्या भाषेत अर्धा डॉक्टर, आमच्या भाषेत पूर्ण. मी वरच्या पोस्टवर, तो खाली बेसवर. वेळ १४२०. माझ्या शेजारच्या जवानाच्या मांडीत स्प्लिंटर घुसलं होतं.

"चार बादल्या रक्त गेलंय. ओव्हर."

"चार बादल्या माणसात मावत नाहीत. घट्ट बांध. येतोय. आउट."

चाळीस मिनिटांत तो कडा चढून आला. (आता लालबागच्या नाक्यावर गोष्ट सांगताना मी दहा सांगतो.) आल्या आल्या त्याने बॉलपेन काढलं आणि जवानाच्या तळहातावर जखमेची वेळ लिहिली. ही त्याची पद्धत. म्हणायचा, कागद हरवतो, हात हरवत नाही. आमच्या धंद्यात तीही खात्री नसते, पण मी वाद घातला नाही. जवान वाचला.

संध्याकाळी कांबळेने मेजरसाहेबांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "सर, सावंतचा आकडा भागिले चार धरायचा." पलटणभर झालं, पुढे त्याच्या घरीही. मी आठ दिवसांची रजा मागितली, दोन मिळाले.

त्याचं स्वतःचं उलटं. एकदा बूट काढला तर दोन बोटं काळी पडलेली. तीन दिवस तो "जरा गार पडलंय" एवढंच म्हणत होता. माझं भागायचं, तर त्याचं चाराने गुणायचं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पेन्शनीनंतर तो वरळीला बीडीडी चाळीत, मी लालबागला. रविवारी तो गॅलरीत खुर्ची टाकून चाळीचं बीपी तपासायचा. मी शेजारी बसून पेशंटांना युद्ध सांगायचो. त्यांचं बीपी वाढायचं. मग तो मला चहा आणायला पाठवायचा.

गेल्या वर्षी एका मंगळवारी, १६१० वाजता, त्याचा फोन आला. मी नाक्यावरच्या चहावाल्याकडे होतो.

"मोकळा असशील तर ये. छाती जरा जड वाटतेय. ही शीवला बहिणीकडे गेलीय."

"आलोच," म्हणालो. पण माझ्या गोष्टीतला बिबट्या नुकताच बंकरमध्ये शिरला होता, आणि समोर चौघं चहा थंड करून ऐकत होते. शिवाय कांबळे म्हणाला होता, जरा. बिबट्याला मी हातातल्या कढईने पिटाळला, तेव्हा १६३० झाले होते.

१६४५ ला पोचलो. दार उघडं. इस्त्रीचा शर्ट घालून तो खुर्चीत ताठ बसलेला. मिशनला निघाल्यासारखा तयार, फक्त चेहरा राखेसारखा. डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहिलं होतं: १६०५. खाली, अ‍ॅस्पिरिन घेतली.

शेजारच्या पोरांनी खुर्चीसकट खाली उतरवला. टॅक्सी परळच्या सिग्नलला अडकली. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच होता. कांबळे स्वतःची नाडी धरून मोजत होता.

"एकशे अठरा," तो म्हणाला. जरा वेळाने, "एकशे तीस." मग मोजायचं थांबला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो. म्हटलं, उशीर झाला रे, लालबागला काय ट्रॅफिक, अख्खी मुंबई तिथे उतरली होती, तासभर चाक हललं नाही.

डोळे न उघडता तो हसला. मांडीवरचा हात जेमतेम उचलून त्याने चार बोटं दाखवली.

हॉस्पिटलात डॉक्टर बाईंनी तळहात वाचला, घड्याळ पाहिलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. १७४२ ला त्या बाहेर आल्या. थोडं आधी आणायला हवं होतं, म्हणाल्या. किती आधी, ते मी विचारलं नाही.

कांबळेच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर वहिनी सतरंजी झटकत होत्या. मी दुसरं टोक धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळाला धरून बोललो.

"वहिनी, ट्रॅफिक नव्हतं. त्याचा फोन आला तेव्हा मी नाक्यावर गोष्ट सांगत होतो. ती संपवून निघालो. वीस मिनिटं घालवली."

त्यांनी सतरंजीची घडी घातली. माझ्या हातातलं टोक काढून घेतलं.

"म्हणजे पाच," त्या म्हणाल्या.