उजव्या पंखाचे एकेचाळीस बोल्ट

केरोसीनमध्ये बुडवलेल्या चिंधीने जुना तैलरंग पुसला की एक वास सुटतो. त्यात सणाआधी रंगवलेली दारे-खिडक्या असतात, स्टोव्हची वात असते, आणि अगदी तळाशी लोखंडाचा थंड, तुरट पुसटपणा असतो. हर्सूलहून परतून आता पुष्कळ दिवस झाले. पण कुठे रंगकाम निघाले की अर्धा क्षण मी अजून एका विमानाच्या पंखाखाली उताणी पडलेली असते.

ते विमान पाहायलाच मी नाशिकहून निघाले होते. छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या एका मैत्रिणीने कळवले होते, की हर्सूल तलावाच्या बाजूला, बंद पडलेल्या एका तंत्रशाळेच्या मैदानात एक डाकोटा उभे आहे. दोन इंजिनांचे, जुन्या काळी प्रवासी नेणारे. तिकडच्याच गंगापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने ते घेतले आहे आणि गुरुवारी ते तिथून हलणार आहे. हलणार म्हणजे कसे, हे तिला माहीत नव्हते. मलाही त्याची कल्पना नव्हती.

सकाळच्या एस.टी.ने येवला मागे टाकले आणि वैजापूरच्या पुढे रस्त्याच्या कडेने कापूस दिसू लागला. शेतातला नव्हे, बाभळींवरचा. कापसाने भरलेले ट्रक झाडांना घासून जातात आणि काटे आपापला वाटा ठेवून घेतात. ऊन कोवळे होते. खिडकीच्या काचेतून येणारी थंडी गुडघ्यांपर्यंत पोहोचून तिथेच थांबत होती.

स्टँडवरून रिक्षाने हर्सूल. तुरुंगाची लांब भिंत संपली, तलावाचा एक राखाडी तुकडा चमकून गेला, आणि मोडक्या फाटकातून आत शिरताच विमान दिसले. पहिली जाणीव झाली ती त्याच्या तिरपेपणाची. डाकोटाचे शेपूट जमिनीला टेकलेले आणि नाक आभाळाकडे असते. डावा पंख अंगापासून सुटून ट्रकच्या जुन्या टायरांवर शांत पडला होता. उजवा अजून जागेवर होता, खाली तीन ड्रमांचा टेकू घेऊन. आणि त्या पंखाखालून दोन पावले बाहेर आली होती, कॅनव्हासच्या बुटांतली.

"कोण हाय?" पावलांनी विचारले.

"विमान पाहायला आले आहे."

"पाहून घ्या लवकर. चारनंतर काय ऱ्हातं का नाय, सांगता येत नाय."

खरातकाका बाहेर सरकले. वय अठ्ठ्याहत्तर. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, नखांत रंग. चिकलठाण्याच्या विमानतळावर त्यांनी याच विमानाची देखभाल केली. विमान उडायचे थांबून या शाळेत आले, तेव्हा तेही शिकवायला इथे आले. शाळा बंद पडल्यावर राखणदार म्हणून राहिले. एवढे त्यांनी स्वतः सांगितले. उरलेले सांगितले भाऊसाहेबांनी. विमान घेणारे हॉटेलवाले ते हेच. पांढरा सदरा, मूळचे ऊसवाले शेतकरी, बोलणे मोठ्याने.

"ताई, तुम्ही पेपरवाल्या का? नाय? मग उद्घाटनाला या. विमानात बसून शेवभाजी! अख्ख्या गंगापूर तालुक्यात असं हाटेल नाय. फक्त आमच्या काकांनी लवकर आवरायला पायजे."

आवरायचे काय होते, ते हळूहळू उलगडले. पंख विमानाच्या अंगाला बोल्टांनी जोडलेला असतो. एकेका बाजूला तीनशेहून जास्त. पंख काढल्याशिवाय विमान रस्त्याने जाऊ शकत नाही. भाऊसाहेबांच्या दृष्टीने गॅसकटरने अर्ध्या तासाचे काम होते, तिकडे गेल्यावर वेल्डिंग मारले की झाले. काकांनी मुदत मागून घेतली होती. दोन महिने, दर रविवारी, कारखान्याची सुटी असलेल्या मुलाला सोबत घेऊन, त्यांनी एकेक बोल्ट सोडवला होता. आता उजव्या पंखाच्या खालच्या ओळीतले एकेचाळीस उरले होते. मुलाला आज सुटी नव्हती. चारला क्रेन येणार होती. गॅसकटर घेऊन दोन माणसे निंबाखाली बिडी ओढत बसलीच होती.

"वेल्डिंग केलेलं विमान म्हणजे पत्र्याचं शेड," काका म्हणाले. "बोल्टानं सुटलं तर बोल्टानं जुडतं. मग ते विमानच ऱ्हातं. उडो न उडो."

"काका, गिऱ्हाईक काय बोल्ट मोजणार हाय व्हय?" भाऊसाहेब हसले.

"मी मोजणार हाय."

अडचण आणखी एक होती. एकाने बोल्टचे डोके धरायचे आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, म्हणून दोन पाने (नट-बोल्ट फिरवण्याचे हत्यार) लागतात. काकांच्या एका पान्याचे तोंड सकाळीच फाकले होते. "हे विमान इंचात जन्मलंय," ते म्हणाले. "आता सगळा बाजार मिलिमीटरचा. मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे खातो. शहागंजात एक दुकान हाय. पण मी गेलो तर इथं हे लोक कटर लावतील."

मी गेले. प्रवासी माणसाला दिवसाचे काही देणे नसते, म्हणून असेल.

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत सुतळी, साखळ्या आणि कढया यांच्यामध्ये ते दुकान सापडले. दुकानदार चाचा दाढीला मेंदी लावलेले.

"इंची पाना? बाजी (ताई), इंची तो हमारे अब्बा के साथच गई. कौनसी गाडी का काम है?"

"विमान का."

चाचा उठून उभे राहिले. "सुबे से एक गिराइक नई आया. आया तो विमान का आया!" मग ते माळ्यावर चढले, एक गंजका डबा उतरवला, आणि तेलकट कागदातून एक पाना काढला. "काम हुआ तो लाके देना. नई हुआ तो नक्को लाना, मेरेकू बुरा लगेंगा."

तिथून चार पावलांवर नान-कलिया (जाड नान आणि हळदीच्या रंगाचा, मसालेदार मटणाचा रस्सा) मिळत होता. उभ्यानेच खाल्ला. रश्शाला उष्णता होती आणि घाई नव्हती. एवढ्या गर्दीत तो एकटाच निवांत होता. दोन नान कागदात बांधून पिशवीत टाकले आणि परत हर्सूल.

पंखाखाली गवतावर पोते अंथरून, मुलाच्या जागी मी, असे आम्ही समोरासमोर उताणे पडलो; माझी पिशवी उशाशी उघडीच होती. जोडावरची झाकणपट्टी फार पूर्वी हरवली होती. बोल्ट उघडे पडून गंजू नयेत म्हणून काका दर वर्षी त्यांच्यावर रंग चढवत आले होते. पांढरा, त्यावर निळा, त्यावर पुन्हा पांढरा. आता त्या थरांखाली नट कुठला आणि पत्रा कुठला, हे केरोसीनच्या चिंधीने पुसत बोटांनीच शोधावे लागत होते.

"आपलाच हात आपल्याला आडवा आला बघा," काका म्हणाले. "जीव लावला, अन् बुजवून टाकलं."

त्यांनी मला पाना कसा धरायचा ते दाखवले. मग म्हणाले, "धरलं?"

"हो."

"हो नाय म्हणायचं. हो तर माणूस झोपेतबी म्हणतो. धरलं असं म्हणायचं. मगच मी जोर लावणार."

"धरलं."

नट करकरला आणि सुटला. सुटलेला बोल्ट काका बाजूला एका मोठ्या पुठ्ठ्यात खोचत. पुठ्ठ्यावर पंखाच्या जोडाचा आकार पेन्सिलीने काढलेला होता आणि त्यात जागच्या जागी भोके पाडली होती. प्रत्येक भोकाखाली आकडा. ज्या भोकातून निघाला त्याच भोकात तो बोल्ट परत जायला हवा, अशी त्यांची शिस्त. "इतकी वर्षं शेजार केलाय त्यांनी. अदलाबदल केली की ताण धरतात."

दर दहा बोल्टांनंतर आम्ही थांबत होतो, नानचा तुकडा मोडत होतो. अशाच एका विसाव्यात मी विमानाच्या आत गेले. शेपटाकडच्या दारातून चढले की पुढे चढण लागते; प्रवासी आपल्या खुर्चीपर्यंत अक्षरशः चढून जात असत. खुर्च्या आता नव्हत्या, पण जमीन सगळे राखून होती. कडेने लांब बाकांची भोके होती, विमान आधी लष्कराचे होते तेव्हा सैनिक तिथे पाठ भिंतीला लावून बसत. मधे खुर्च्यांच्या रुळांच्या खुणा, वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या प्रवाशांच्या. त्यांच्यावरून ठोकलेल्या लोखंडी कड्या. नंतर त्यांना वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि पुराच्या दिवसांत धान्याची पोती बांधली गेली. आणि सर्वांत वर, खडूने, कुणा विद्यार्थ्याने लिहिलेली भागांची नावे. एकाच जमिनीत इतक्या प्रकारची भोके होती, आणि कुठलेही बुजवलेले नव्हते. आत तापल्या पत्र्याचा वास होता आणि खिडक्यांत कोळ्यांची जाळी.

"इंजिन चालू व्हताना आधी खोकायचं," खाली आल्यावर काका सांगू लागले. "लई धूर. फॉरेनच्या बाया नाकाला रुमाल लावायच्या. मी आग विझवायचा डबा घेऊन बाजूला उभा. एकदाबी उघडावा लागला नाय. धरलं?"

"धरलं."

पावणेचारला क्रेन आली. तेव्हा तीन बोल्ट उरले होते, आणि ते तिन्ही हलेनात. काकांनी जोर लावला, नट जागचा ढळला नाही. भाऊसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले. निंबाखालचे दोघे उठून नळकांडे सरकवू लागले.

"काका, तीनच तर हायत. तीन ठिकाणी फक्त ज्योत लावू. पंख आख्खाच ऱ्हाईल की."

"तिथंच अंग पंखाला धरतं. तेवढंच जाळलं की बाकीचं काढलेलं फुकट."

"मग गंज काढणार कसा?"

काका पोत्यावर पडूनच होते, तळहात पंखाच्या पोटाला लावून, ताप पाहावा तसे. मग मान वळवून त्यांनी ड्रमांकडे पाहिले. सकाळपासूनच्या हालचालीने ड्रम बोटभर मातीत रुतले होते.

"गंज नाय हा," ते म्हणाले. "टेकू बसलाय खाली. सगळ्या पंखाचं वजन या तीन बोल्टांनी धरलंय. सोडतील कसे? भाऊसाहेब, क्रेनवाल्याला सांगा, पट्टा घालून दोन बोटं उचल. जास्त नाय. दोन बोटं."

भाऊसाहेबांनी गॅसकटरवाल्यांना हातानेच खाली बसवले आणि स्वतः पट्टा घालायला वाकले. पांढरा सदरा ग्रीसने माखला. क्रेन कण्हली. पंख उचलला गेल्याचे डोळ्यांना दिसले नाही. फक्त आमच्या डोक्यावरच्या पत्र्यातून एक दीर्घ, खोल आवाज गेला.

पहिला नट बोटांनी फिरला. दुसराही. तिसऱ्याच्या वेळी काकांचा आवाज इतका हळू झाला, की "धरलं" म्हणण्याऐवजी मी त्यांच्याकडे पाहू लागले. पाना सैल झाला. नट काकांच्या हातात आला आणि बोल्ट माझ्या बाजूने निसटला. पडल्याचा आवाज आला नाही. क्रेनच्या गुरगुरण्यात तो कुठे गेला ते कळलेच नाही.

पंख सुटला, हवेत थोडा वळला, आणि डाव्या पंखाशेजारी टायरांवर जाऊन निजला. भाऊसाहेबांनी शिट्टी मारली. गॅसकटरवाल्यांपैकी एकाने टाळी वाजवली. काका गुडघ्यांवर बसून गवत चाळत होते.

आम्ही सगळ्यांनी शोधले. पोते झटकले, ड्रम हलवले. ट्रेलर भरून निघायची वेळ झाली, तेव्हा पुठ्ठ्यावर एकच भोक रिकामे होते, आणि त्याखाली आकडा.

"माझ्या हातून झालं, काका."

"असू द्या, ताई. एकानं काय पंख पडत नाय." थोड्या वेळाने त्यांनी पुठ्ठा पोत्यात गुंडाळला. "मोजताना तेवढं अडखळायला व्हईल."

जाताना भाऊसाहेबांनी सांगितले, महिनाभरात जोडणी, काकाच करणार. काकांनी हात जोडून जयभीम केला आणि ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, चालकाशेजारी बसले. पंख नसलेले विमान फाटकातून बाहेर पडले तेव्हा नाक आभाळाकडेच होते. मी रिक्षाने निघाले आणि वाटेत शहागंजात उतरून पाना परत केला. चाचांनी तो पुसून कागदात ठेवला.

परतीच्या एस.टी.त मी विचार करत होते, की वस्तूचे आयुष्य आपण ती थांबली तिथपर्यंत मोजतो. हे विमान उडायचे थांबल्यावरही कोणीतरी त्याच्या भोकांचे आकडे लिहून ठेवत होते. उडणे आणि विमान असणे या दोन निराळ्या गोष्टी असाव्यात. विचार तिथेच थांबला. माझ्याकडे त्याहून अधिक काही नव्हते, आणि एक आकडा मोकळा राहिला होता, तो माझ्यामुळे.

घरी पिशवी रिकामी केली. उरलेल्या नानच्या कागदाच्या घडीत काहीतरी जड होते. बोटभर लांबीचा, गळ्याशी निळ्या-पांढऱ्या रंगाची कडी असलेला. दुसऱ्याच दिवशी तो कापसात गुंडाळून गंगापूर रस्त्याच्या पत्त्यावर पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली, आणि शेवटी फक्त आकडा लिहिला.

तीन आठवडे काही कळले नाही. मग एका दुपारी मीच फोन लावला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज होता, कढईत फोडणी पडल्याचा होता, भाऊसाहेब कुणाला तरी ओरडत होते. काका फोनवर आले. ख्यालीखुशाली विचारायचेही मला सुचले नाही.

"काका, तो बोल्ट?"

ते म्हणाले,

"बसला."