द्वारकेवरून आणलेला आवाज

माझी गाडी पडली तेव्हा मी दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकत होतो.

ही सवय जुनी आहे. शाळा मी चौथीपर्यंतच केली, पण इंजिनांची शाळा चाळीस वर्षं केली. विहिरीवरच्या मोटरी, डिझेल इंजिनं, फवारणीचे पंप, नुसता आवाज ऐकून सांगतो कुठं दुखतंय ते. तर त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास द्वारकेवर, म्हणजे आमच्या द्वारका चौकात, कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो माझ्या शेजारून चालला होता आणि त्याचं इंजिन मिसिंग मारत होतं, मधेच ठोका चुकवत होतं. ड्रायव्हर मजेत गाणी ऐकत होता. मला राहवेना. मी माझी शंभर सीसीची गाडी त्याच्या खिडकीला लावली आणि ओरडलो, "ए भाऊ! तुझा नोझल गेलाय!"

तो म्हणाला, "बाबा, पुढं बघा!"

सल्ला बरोबर होता. जरा उशिरा मिळाला. पुढं रसवंतीचा गाडा उभा होता आणि मी त्याच्या चाकात! गाडी डाव्या अंगावर, माझी हनुवटी हँडलवर, आणि हँडल उसाच्या चिपाडात. दोघांनी मला उचललं, तिसऱ्यानं गाडी उचलली. रसवाला बिचारा घाबरून ग्लास घेऊन आला. "बाबा, घोटभर घ्या."

"बर्फ नको," मी म्हणालो. (पडलो म्हणून काय झालं! घसा बसतो.)

लागलं काही नव्हतं. हनुवटी थोडी सोलली होती, इंडिकेटरची काच गेली होती. पण खरी भीती वेगळीच होती. आमचा मुलगा विलास ऑफिसात कारकून आहे आणि घरातही कारकूनच आहे. मागच्या वेळी मी पडलो (गाय आडवी आली होती, तिला विचारा) तेव्हा त्यानं बजावलं होतं, "आबा, अजून एकदा पडलात की चावी माझ्याकडं. कायमची." आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मला पिंपळगावला जायचं होतं. तिथल्या एका नव्या द्राक्षबागायतदाराच्या विहिरीवरची मोटर आवाज करत होती. त्यानं फोनवर "मिस्त्री, तुम्हीच या" असं म्हटलं होतं. तुम्हीच! आता गाडी असली की मी मिस्त्री. गाडी गेली की विलासच्या मागं बसवलेलं गाठोडं.

विलास सहाला घरी येतो. म्हणजे माझ्या हातात आठ तास होते. कपडे झटकले, किक मारली, निघालो.

आणि आवाज सुरू झाला.

कट-कट-कट-कट! बारीक, कोरडा, एकसारखा. गाडी बाजूला घेतली, बंद केली. आवाज बंद. पुन्हा चालू केली, निघालो. कट-कट-कट! खड्डा आला की कटाकट! चाळीस वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता. चेन नाही, बेअरिंग नाही, मडगार्ड नाही. अगदी कानाच्या मुळाशी येत होता.

घरी पोचलो तर आमची सुमन दारातच. बायकोला नेमकं कधी दारात यायचं ते कळतं.

"आवो, हनुवटीला काय झालं?"

"दाढी करताना लागलं."

"दाढी तर परवा केली."

"परवाच लागलं. आज दिसलं."

पुढं तिनं काही विचारलं नाही. ही तिची पद्धत. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी अंगणात गाडी लावली आणि कामाला लागलो. चेन ताणली, मडगार्ड आवळलं, नंबरप्लेट आवळली, कॅरिअर तर काढूनच टाकलं. इंडिकेटरला जुनी काच सापडली, ती बसवली. जे हलत होतं ते आवळलं, जे हलत नव्हतं तेही आवळलं. गल्लीत चक्कर मारली. कट-कट-कट!

मग मी माझं खास शस्त्र काढलं. माझ्या वस्तादानं शिकवलेली युक्ती आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ दातात धरायची. आवाज हाडातून थेट डोक्यात येतो. कान फसवतील, हाड फसवत नाही! गाडी चालू ठेवली, टोक इंजिनाला लावलं, मूठ दातात धरली.

कटकटकटकट! सापडलं! इंजिनातच आहे!

खात्री करावी म्हणून टोक गिअरबॉक्सला लावलं. कटकटकट. सायलेन्सरला लावलं. कटकटकट. पायदानाला, हँडलला, टाकीला. सगळीकडं तेच! शेवटी सीटला लावून बघितलं. सीटमध्येही कटकट! मी मटकन खाली बसलो. सीटमध्ये कुठलं आलंय इंजिन? म्हणजे दुखणं गाडीच्या अंगभर पसरलं होतं.

सुमन दारातूनच म्हणाली, "गाडी खाताय का काय?"

"सर्व्हिसिंग चाललंय."

"जेवून घ्या आधी. दोन वाजले."

"आवाज सापडल्याशिवाय घास घेणार नाही!" (हे वाक्य मी नको तेवढं मोठ्यानं बोललो.)

आता मान खाली घालून रज्जाक मेकॅनिककडं जाणं आलं. रज्जाक चांगला माणूस, पण मी त्याला दहा वर्षं ऐकवत आलोय की त्याला आवाजातलं काही कळत नाही. तरी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गाडी घेतली, सिग्नलपर्यंत जाऊन आला.

"चाचा, गाडी एकदम मख्खन हाय."

"आवाज?"

"कसला आवाज?"

मी गाडी घेतली, फिरवून आणली. कट-कट-कट! "हा काय! हा ऐक!"

"मला नाय येत ऐकू."

"मागं बस!"

तो मागं बसला. मी रस्त्यातले सगळे खड्डे शोधून शोधून गाडी घातली. माझ्या डोक्यात नुसता ताशा वाजत होता. मागून रज्जाक म्हणतो कसा, "चाचा, खड्ड्याचा आवाज येतोय. गाडीचा नाय."

"तुझे कान गेलेत!"

"माझे कान शाबूत हायेत. तुमीच दवाखान्यात दाखवा."

"इंजिन खोल!"

"खोलतो. दोन दिवस लागतील."

"माझ्याकडं दोन तास आहेत!"

"मग नाय खोलत. चाचा, चांगल्या जनावराचं पोट फाडाय लावू नका मला."

माझ्या तोंडावर नाही म्हणाला! रागानं मी गाडी ढकलत घरी आणली. (चालू केली असती तर परत आवाज ऐकावा लागला असता.) पाच वाजले होते. विलास यायला एक तास. डोळ्यांपुढं पिंपळगावचा रस्ता दिसत होता आणि तो हळूहळू लांब जात होता.

सुमननं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. मी पहिला घास चावला.

कट-कट-कट.

मी थांबलो. आवाज थांबला. चावला. कट-कट-कट. आवाज माझ्या मागं घरात आला होता!

सुमननं हातातली भाकरी खाली ठेवली. "आवो, गाडी घरात आणली का?"

"तुलाही येतोय ऐकू?" मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू!

"तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना!"

मी तोंड उघडलं. तिनं दोन बोटं घातली आणि माझी खालची कवळी बाहेर काढली. ती एक नव्हती, दोन होत्या. बरोबर मध्यातून उभी चीर गेली होती. अर्धी कवळी उजव्या हातात, अर्धी डाव्या हातात धरून ती माझ्या हनुवटीकडं बघत राहिली.

"परवाच्या दाढीत एवढं झालं?"

मी वरची कवळीही काढून तिच्या हातात दिली, बाहेर गेलो, गाडी चालू केली आणि गल्लीतून एक चक्कर मारली. आवाज नाही. खड्ड्यात घातली. आवाज नाही. गाडी खरंच मख्खन होती! अख्खा दिवस मी माझंच तोंड स्क्रूड्रायव्हर लावून तपासत होतो.

"ऐका आता," सुमन म्हणाली. "गाडी धड आहे. विलासला काही दिसणार नाही. तुम्ही फक्त तोंड मिटून बसा. बसाल ना?"

मी मान डोलावली. चावी वाचवायची तर एवढं जमायलाच पाहिजे.

सहाला विलास आला. मी ओट्यावर बसलेलो, तोंड गच्च मिटून. त्यानं आधी मला बघितलं, मग गाडीला.

"आबा, गाडी चकाचक दिसतेय. सर्व्हिसिंग केलं?"

मान डोलावली.

"उद्या पिंपळगावला?"

मान डोलावली.

त्याला संशय आला. यायचाच! मी दोन प्रश्नांना दोन तास उत्तर देणारा माणूस. त्यानं सुमनकडं बघितलं, ती निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती. मग तो गाडीवर बसला, किक मारली, थोडी रेस दिली आणि कान तिरका करून म्हणाला, "टॅपेट वाजतायत. इंजिन गेलं बहुतेक. विकून टाकू आबा."

टॅपेट! त्या कारकुनाला टॅपेट कशाशी खातात हे माहीत नाही! मी ओठ आवळले. मुठी आवळल्या. सुमन डोळ्यांनी "नको, नको" म्हणत होती. त्यानं आणखी रेस दिली आणि म्हणाला, "पिस्टनही गेलाय वाटतं."

"पिस्टन तुझ्या बापाचा!" मी ओरडलो. पुढं पाच मिनिटं मी टॅपेट, पिस्टन आणि त्याची अक्कल याविषयी जे बोललो त्यातलं निम्मं नुसती हवा होऊन बाहेर पडलं.

विलासनं शांतपणे गाडी बंद केली. "आबा, दात कुठायत?"

"डबीत," सुमन तांदळातून मान वर न करता म्हणाली. "दोन तुकडे आहेत."

त्यानं चावी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मी पिंपळगावला गेलो. दिलेला शब्द मोडत नाही मी. विलासनं रजा टाकली, गाडी त्यानं चालवली, मी मागं. मळ्यात पोचलो तर तो बागायतदार धावत आला आणि विलासपुढं हात जोडून म्हणाला, "या मिस्त्री, या!" आणि मला म्हणाला, "बाबा, तुम्ही सावलीत बसा."

मी सावलीत बसलो नाही. मोटरीवर तळहात ठेवला, आवाज ऐकला आणि विलासच्या कानात फुसफुसलो. विलास म्हणाला, "मागचं बेअरिंग." मी बोट दाखवायचो, तो बोलायचा. बेअरिंग बदललं, मोटर गुपचूप पाणी ओढायला लागली.

बागायतदार एकदम खूश. विलासच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मिस्त्री, वय कमी हाय पण कान लय तयार तुमचा! आणि वडील तर लय शांत माणूस. एक शब्द नाय बोलले!"

अख्ख्या आयुष्यात मला कुणीतरी पहिल्यांदा शांत म्हणालं, आणि ते धादांत खोटं आहे हे ठणकावून सांगायला माझ्या तोंडात दात नव्हते.