बटणाची टकटक

बाबांनी सारी उमर शेलूबाजारात धान्याची खरेदी केली. हर्रास सुरू झाला की पोत्यात हात घालायचे, मूठभर तूर तळहातावर पसरायचे आणि शेजारचा विचार करतोय तोवर बोली लावून मोकळे. लहानपणी त्यांच्या मागे उभी राहून मी ही मिजास पाहिली आहे. माझ्या बाबांना सगळ्यांच्या आधी दिसतं, असं मला खरंच वाटायचं.

म्हणूनच डावीकडच्या पोत्यांना ते अडखळायला लागले तेव्हा मी आधी चिडले. वाशीमच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत होती. नजर किती गेली ते कळायला एक तपासणी ठेवली. मशीनमध्ये समोर बघत राहायचं, कडेला उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं.

मी दाराबाहेर बाकावर बसले. आतून नुसती टकटक, टकटक. तपासणारी मुलगी वैतागून बाहेर आली. "काका ठिपका यायच्या आधीच दाबतात."

"मंग? वाट पायली तं माल दुसरा घेऊन जाईन," बाबा आतून म्हणाले.

मी हसले, तीही हसली. डॉक्टर हसले नाहीत. हा रिपोर्ट कामाचा नाही म्हणाले आणि नसेचा स्कॅन काढला. त्यात बाबांना काही विचारायचंच नव्हतं. पडद्यावर चांगला भाग हिरवा होता, आणि लालच जास्त होतं. गेलेली नजर परत येणार नाही, रोज थेंब घातले तर उरलेली टिकू शकेल, एवढंच डॉक्टर बोलले.

परतीच्या बसमध्ये मालेगाव मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "मले दिसतच नोतं, बाई. अंदाजानं दाबून राह्यलो होतो." मला रडू आलं, आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

तेव्हापासून थेंब मी घालते. "वर पाहा, बाबा," म्हटलं की निमूट वर पाहतात. कुणाचं न ऐकणारा माणूस हा.

परवा पुन्हा तीच तपासणी झाली. मी त्याच बाकावर होते. आतून एकदा टक आलं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा टक.

"काकांनी या वेळी अगदी बरोबर केली टेस्ट," मुलगी खुशीत म्हणाली.

मी मान हलवली. मला ती पहिली, खोटी, घाईची टकटक हवी होती.