शेपटीवाल्या ऑर्किडचा वास

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस म्हणून राबलेल्या बाईंना सगळे भिंगबाई म्हणत. रविवार उजाडला की त्या आणि त्यांचे यजमान रानातली ऑर्किडं शोधत डोंगर पालथे घालत. यजमान गेले, पाठोपाठ बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि डोंगर चौथ्या मजल्याच्या खिडकीपुरता उरला.

नाद मात्र सुटला नाही. विजेच्या तारा तपासायला डोंगरावर जाणारा एक वायरमन त्यांना तिथल्या ऑर्किडांचे फोटो पाठवी. सुरुवातीला सगळे देखणे आणि बिनकामाचे.

"लग्नातले फोटो काढतोस का रे?" बाई फोनवर करवादायच्या. "खालची रुंद पाकळी ओठासारखी असते, ती समोरून घे. मागची शेपटी बाजूनं. पानं विसरू नकोस. आणि शेजारी काडेपेटीची काडी धर, म्हणजे माप कळेल."

वायरमन शिकला. दोन वर्षांत चाळीसेक ऑर्किडं बाईंनी पलंगावर बसून ओळखली.

मग एका दुपारी एक पांढरं फूल आलं. शेपटी काडीच्या चांगली तिप्पट. बाईंना घोटभर पाणी प्यावं लागलं. हे फूल त्यांनी एकदाच पाहिलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. नेमका त्या दिवशी यजमानांनी कॅमेऱ्यात रोलच घातला नव्हता. नंतर दोघांनी जन्मभर शोधलं. पुन्हा दिसलं नाही.

"मला तिथं यायचंय."

"बाई, तासाभराचा खडा चढ आहे. मी तोडून आणतो ना."

"खबरदार! एकुलतं एक असलं तर?"

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून दोघं निघाले. रस्ता संपला तिथं बाई वॉकर धरून उतरल्या. वायरमन एकटाच वर गेला आणि त्यानं व्हिडिओ कॉल लावला.

"दिसलं?"

"दिसलं रे. ओठाच्या तीन फाकी, मधली अरुंद. तेच आहे." त्यांनी नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा चुकीचं म्हटलं.

"आता थांब जरा. ह्याचा वास उन्हं उतरल्यावर सुटतो."

तो थांबला. बाईही दगडावर बसून राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आला?"

"आला. कापलेल्या काकडीसारखा."

"हेही तेच म्हणाले होते. मी म्हटलं, छे, दुधासारखा. घरी येईपर्यंत भांडलो आम्ही."

"मग बरोबर कोण?"

बाई मान वर करून कड्याकडे बघत राहिल्या. "ते तिथं नाक लावल्याशिवाय कसं सांगू, बाळा?" त्या म्हणाल्या. "सावकाश उतर. पाय घसरतो तिथं."