धुईतलं पुलगाव

वामनभाऊ बोलता बोलता उजवा हात समोर धरून बोटं हलवत राहायचे. नवख्या माणसाला वाटे, यांना वाताचा त्रास असावा. पुलगाव स्टेशनजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. शाळेत नुकतीच लागले होते. त्या हाताचं कोडं मला त्यांच्या डार्करूममध्ये सुटलं. फोटो छापताना, निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या उजेडात ते तसाच हात धरत. सावली पडे तेवढा भाग कागदावर फिकट उतरे. “हात हालत राह्यला पायजे बाई,” ते सांगत, “थांबला का डाग पडते.”

हा हात सगळ्यात जास्त फिरला तो एकाच फोटोवर. रेल्वेच्या पुलावरून घेतलेलं गाव. मिलची चिमणी, पाण्याची टाकी, कौलांच्या रांगा. निगेटिव्ह लख्ख उन्हातली; भाऊंना मात्र त्यात धुकं हवं होतं. आमच्याकडे त्याला धुई म्हणतात. लग्नानंतर सुमनवहिनींना घेऊन ते सकाळच्या गाडीनं उतरले, तेव्हा चिमणीच्या टोकाखेरीज काही दिसत नव्हतं. वहिनी घाबरून म्हणाल्या होत्या, “अवो, गाव कुठी आहे?” भाऊ म्हणाले, “आहे ना. धुईतून निंगन हळूहळू.” तेव्हा भाऊंकडे कॅमेरा नव्हता. पुढे कॅमेरा आला, स्टुडिओ झाला आणि वहिनी काविळीनं गेल्या.

तेव्हापासून ते ती सकाळ कागदावर आणायच्या मागे लागले होते. धुई उतरावी म्हणून वहिनींच्या जुन्या, झिरझिरीत वायलच्या पातळाचा तुकडा एन्लार्जरच्या भिंगाखाली धरायचे, चिमणीच्या बुंध्यावर हात फिरवायचे. कागदामागून कागद वाया जाई. “नाई बाई, तिनं पाह्यली तशी नाई आली,” म्हणत फोटो बाजूला ठेवत.

त्यातला एक त्यांनी दुकानात लावला. आर्वीकडचे एक शेतकरी तो पाहून भडकलेच. “हे काय लावलं भाऊ? धुईनं आमच्या तुरीचा फुलोरा गळला, अन् तुमी ते भितीवर टांगता!”

“तूर पुढच्या साली येते गा,” वामनभाऊ म्हणाले आणि आत निघून गेले. मला त्या वेळी भाऊंसाठी फार वाईट वाटलं.

मग गिऱ्हाइकांचे फोटो बिघडू लागले. कुणाचा चेहरा काळा, कुणाचं कपाळ पांढरंफटक. मीच त्यांना वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. स्टुडिओ बंद झाला, तरी भाऊ सवयीनं डार्करूममध्ये जाऊन बसत.

एका दुपारी त्यांनी मला खालून हाक मारली. हातात ओला फोटो, चेहऱ्यावर कधी न पाहिलेला आनंद. “आली बाई! आता बरोबर आली. अशीच होती धुई.”

मी फोटो उजेडात धरला. मागे दोरीवर वायलचा तुकडा चिमट्याला तसाच लटकत होता. भाऊ तो लावायलाच विसरले होते.

“चिमणीचं टोक दिसते ना?”

“दिसतं.”

“बाकी काई नाई ना?”

कौलन् कौल दिसत होतं. एका गच्चीवर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा.

“काही नाही, भाऊ,” मी म्हटलं. “नुसती धुई आहे.”

ते स्टुलावर बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, अगदी स्वस्थ. त्याच हिवाळ्यात भाऊ गेले. तो फोटो माझ्याकडे आहे; पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, किती स्वच्छ आलाय.